मुलांना ब्लॅक सबाथ ऐकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

मृदुला_के
आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. न्यू स्ट्रीट स्टेशनातला डोकं हलवणारा अवाढव्य यांत्रिक बैल दिसला की माझा आठ वर्षांचा लेक जागचा हलत नाही. बैलाचं नाव ऑझी का (ब्लॅक सबाथ या इथल्याच हेवी मेटल रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न, त्याच्यावरून), इथून सुरू झालं. मग ब्रॉड स्ट्रीटच्या पुलावरच्या बाकावर चार चेहरे कोणाचे? अकरा वर्षांच्या लेकीला तर आता सगळा बँडच ऐकायचाय. मी कुमारजी ऐकत वाढले, मेटलची सवय नाही. बँडचं नाव ऐकूनच सासूबाई बिचकल्यात. काय लावू, काय टाळू?

खर्जप्रेमी
मृदुलाताई, गाण्याआधी बँडचा गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट सांगा. सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! फोरमननं त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचीही दोन बोटं आगीत निकामी झालेली, तरी काय वाजवायचा! मग टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममध्ये काही गाण्यांसाठी गिटार चक्क तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल, आवाज जड. एवढं कळलं की मुलांना त्या आवाजाची भीती वाटत नाही, त्यामागचा माणूस दिसतो.

मग 'आयर्न मॅन' हे गाणं. शब्द कळले नाहीत तरी रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, लगेच तोंडात बसते.

मुलगी पेटी वाजवत असेल तर पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं लावा. पाऊस, घंटा, आणि मग फक्त खालचा सा, वरचा सा, तीव्र मध्यम. पंचमाचा आधारच नाही. मारवा ऐकलेल्या कानाला ती हुरहुर नवी नाही.

'वॉर पिग्ज' लेकीला जरूर ऐकवा, आणि शब्द समजावून सांगा. युद्ध पेटवणारे सुरक्षित बसतात, मरायला गरीब जातात, हे बँडचा बेसवादक गीझर बटलरनं 1970 मध्ये लिहिलंय. 'स्वीट लीफ' आणि 'स्नोब्लाइंड' मात्र राहू द्या, दोन्ही नशेवर आहेत.

रातकिडा
लहान कानांना हेडफोन नको, स्पीकरच बरा. सासूबाईंना 'चेंजेस' ऐकवा. त्यात ना ड्रम, ना गिटार, पियानोवरचं साधं दुःखाचं गाणं. आणि 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर झालेला बँडच्या निरोपाचा कार्यक्रम मुलांना दाखवाच. ऑझीला उभं राहवत नव्हतं, सिंहासनावर बसून गायला. नंतर अडीच आठवड्यांत गेला. माझा तर अजून जीव गलबलतो.

मृदुला_के
खर्जप्रेमी, लेकीनं ते तीन स्वर पेटीवर काढले. मग आपणहून तीव्र मध्यमाच्या जागी पंचम लावला नि म्हणाली, "आई, बघ, आता काहीच होणार नाही असं वाटतं!" लेक मात्र बाटलीची टोपणं करायला निघालाय, त्याला गॅसपासून लांब ठेवलंय. ऑझीला बँडमधून काढल्यावरचं काय ऐकवू?

खर्जप्रेमी
शाब्बास पोरी! 1980 चा 'हेवन अँड हेल' अल्बम लावा. गायक रॉनी जेम्स डिओ, गिटारवर टोनीच. आवाजातला फरक ती बरोबर पकडेल.