जुन्या गेमचा नायक पुढच्या भागात आठवणीपुरताच उरावा का?

हायरूलकर: ज्याला आपण एका गेममध्ये शेवटपर्यंत नेले, तो नायक पुढच्या भागात प्रत्यक्ष न येता केवळ लोकांच्या बोलण्यात यावा, असे माझे मत आहे, आणि 'झेल्डा' या गेम-मालिकेतील २००२ च्या 'द विंड वेकर'इतका चांगला दाखला मला दुसरा दिसत नाही. त्याच मालिकेतील 'ऑकरिना ऑफ टाइम'च्या (१९९८) शेवटी राजकन्या झेल्डा नायक लिंकला त्याच्या बालपणात परत पाठवते. परिणामी त्याने वाचवलेल्या राज्याला नायकच उरत नाही, आणि खलनायक गॅनन परतल्यावर देवांना ते राज्य, हायरूल, समुद्राखाली बुडवावे लागते. पुष्कळ पिढ्यांनंतर, 'विंड वेकर'मध्ये, आउटसेट बेटावर उरते ती फक्त प्रथा: मुलगा त्या नायकाच्या वयाचा झाला की त्याला हिरवा पोशाख घालायचा. आजी तो पुढे करते तेव्हा नव्या लिंकचा चेहरा पडतो. ज्या पोशाखात आपण गॅननला हरवले, तो आता वाढदिवशी नाइलाजाने अंगावर चढवायचा कपडा झाला आहे!

सोळाबिल्ले: प्रसंग सुरेख, पण निष्कर्षाशी असहमत. दंतकथेशी दोन हात करता आले पाहिजेत. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये (१९९९) जिम-प्रमुखांना हरवून सोळा बिल्ले मिळवल्यानंतर सिल्व्हर पर्वतावर आधीच्या गेमचा नायक रेड उभा दिसतो. तो बोलत नाही, नुसती टिंबे उमटतात, आणि ८१व्या पातळीचा पिकाचू मैदानात उतरतो. तो हरला की पडदा काळा होतो आणि रेड नाहीसा झालेला असतो.

हायरूलकर: तो रेड माझा नव्हेच. त्याच्याकडे व्हीनसॉर, चारिझार्ड आणि ब्लास्टॉइज तिघेही आहेत. मला आधीच्या गेमच्या सुरुवातीला प्रोफेसर ओक यांनी तिघांपैकी एकच निवडायला सांगितले होते.

सोळाबिल्ले: आपण 'पोकेमॉन यलो' विसरलात. त्यात सुरुवातीला पिकाचू मिळतो आणि या तिघांची मूळ रूपे वाटेत भेट म्हणून मिळतात. 'यलो' संपवलेल्याला पर्वतावर बहुतांशी स्वतःचाच संघ दिसतो.

तळघरवासी: आठवण कोण ठेवतो, हा प्रश्न दोघांनीही सोडून दिला आहे. अणुयुद्धानंतरच्या जगात घडणाऱ्या 'फॉलआउट'च्या शेवटी नायकाला त्याने वाचवलेल्या, लोक आसऱ्याला राहत असलेल्या तळघरात परत घेतले जात नाही. १९९८ च्या दुसऱ्या भागात त्याने वसवलेल्या अरोयो गावात मात्र त्याचा निळा पोशाख पवित्र मानला जातो, आणि मंदिरातली परीक्षा पार केल्यावर तो त्याच्या वारसाला, म्हणजे नव्या नायकाला, मिळतो. पहिल्या भागात निरपराधांना ठार मारत गेलेल्या खेळाडूच्या वाट्यालाही हीच पूजा येते. इतिहासाची अशी सफेदी करणारी दंतकथा मला तरी खटकते.

हायरूलकर: मला ती खरी वाटते, कारण गावाला पूर्वज हवा असतो, त्याचा हिशेब नको असतो. खटकते ते निराळेच. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये (२००६) लिंकला तलवारीचे डाव शिकवणारा सांगाडा कोण, हे गेम उघड करत नाही. पुढे 'हायरूल हिस्टोरिया' या अधिकृत ग्रंथाने तो 'ऑकरिना'चाच लिंक असल्याचे सांगून टाकले. गेममध्ये आपण अंदाज बांधत होतो, तेच बरे होते.