युटा जाझचं रिबिल्डिंग: अजून किती थांबायचं भो?

अपडाऊनवाला_भुसावळ
मी युटा जाझचा फॅन, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधली टीम, हसू नका. हिवाळ्यात त्यांच्या घरच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी साडेसातच्या आसपास सुरू होतात, म्हणजे जळगावला अपडाऊन करताना गाडीतच मोबाईलवर बघायच्या, भादलीजवळ नेटवर्क जातं आणि परत येईस्तोवर समोरचे वीसने पुढे. २०२२ ला गोबेअर आणि मिचेल या दोन्ही स्टार्सना ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या टीमांना दिलं, तेव्हा म्हटलं चला ठीक आहे, भरपूर पिक (ड्राफ्टमध्ये नवी पोरं निवडायचे हक्क) मिळाले, टीम नव्याने उभी राहील. मग काय, जिंकलेल्या-हरलेल्या मॅचेस बघा, ३७-४५, मग ३१-५१, मग २०२४-२५ ला डायरेक्ट १७-६५, अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिले. एवढं हरून ड्राफ्टच्या लॉटरीत (पोरं आधी कोणी निवडायची याची सोडत) नंबर कितवा आला तर पाचवा!! आणि त्यात आमचा स्कोरर मार्कानेनला पाच वर्षांचं २३८ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट देऊन बसलेत. टीम हरवायचीच आहे तर एवढा महाग माणूस कशाला ठेवलाय? २०२५ च्या उन्हाळ्यात सेक्स्टन गेला, कॉलिन्स गेला, क्लार्कसनपण गेला, मग यालाच का नाही विकत?

धुळ्याचा_डंकर
विकून टाका, विषय संपला. मार्च २०२५ मध्ये त्यालाच बसवून ठेवलं म्हणून लीगने एक लाख डॉलर दंड ठोकला ना, म्हणजे पगार पण द्या आणि दंड पण भरा 😂

नंदुरबारची_गार्ड
पाचव्या नंबरचं एवढं काय रडता, २०२५ च्या लॉटरीला नियमच तसा होता. २०१९ पासून खालच्या तिन्ही टीमला पहिल्या नंबरचा चान्स सारखाच, १४ टक्के, आणि सगळ्यात शेवटची टीम घसरून घसरून पाचव्यापर्यंत जाऊ शकत होती, ती गेली. डॅलसला १.८ टक्के होते आणि पहिल्या नंबरचा पोरगा फ्लॅग तिकडे गेला. म्हणजे मुद्दाम हरणं हा प्लॅन नाही, ते नुसतं तिकीट आहे.

खरा खेळ कॉन्ट्रॅक्टच्या तारखांचा आहे. पहिल्या राउंडच्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, पहिली दोन पक्की, पुढची दोन टीमच्या मर्जीवर, आणि पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, म्हणजे पोरगा स्टार निघाला तरी चार वर्षं स्वस्तच. ओक्लाहोमाने हेच केलं. २०१९ ला क्लिपर्सना पॉल जॉर्ज देऊन शाई (गिलजस-अलेक्झांडर) आणि पाच फर्स्ट राउंड पिक घेतले, मग २२-५० आणि २४-५८ असे दोन सीझन सहन केले, पण शाईला २०२१ मध्येच लांबचं कॉन्ट्रॅक्ट देऊन बांधून ठेवलं. क्लिपर्सच्याच एका पिकवर २०२२ ला जेलन विल्यम्स आला, त्याच ड्राफ्टमध्ये होल्मग्रेन, तो तर पहिलं अख्खं वर्ष पायाच्या दुखापतीने बाहेर. २०२५ ला चॅम्पियन झाले तेव्हा ही दोन्ही पोरं स्वस्त कॉन्ट्रॅक्टवर होती. २०२५ च्या उन्हाळ्यात दोघांना मॅक्स, म्हणजे नियमात बसेल तेवढ्या जास्तीत जास्त पगाराचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, पुढे बिल येणारच आहे.

आता जाझकडे बघा. मार्कानेनचं कॉन्ट्रॅक्ट २०२९ पर्यंत. २०२५ चा पाचवा पिक एस बेली, त्याची चार वर्षं पण २०२९ लाच संपतात. म्हणजे पोरगं स्वस्त आहे तोवर एक तयार स्कोरर शेजारी, हे काही वाईट नाही. आणि घाईत विकलं तर समोरचा भाव पाडणार, कारण त्याला माहितीये की तुम्ही हातघाईवर आलात.

रावेर_थ्री_पॉइंट
ताईंचं पटलं, पण २०२९ ला मार्कानेन ३२ वर्षांचा होईल, तोवर बेली तयार झालाच नाही तर? आणि आता कोणी केळीचं उदाहरण देऊ नका प्लीज, केळीला वर्षभरात घड येतो हे तरी माहीत असतं, इथे जाझच्या हेंड्रिक्ससारखा नवव्या नंबरचा पोरगा सीझन सुरू होताच पाय मोडून वर्षभर घरी बसतो. फिलाडेल्फियाने पण थांबून बघितलं ना, २०१५-१६ ला १०-७२, त्यांचा मॅनेजर हिंकी त्याच सीझनमध्ये गेला, एम्बीडसारखा हिरा सापडला तरी फायनल काही दिसली नाही. उलट डेट्रॉइट बघा, १४-६८ वरून एका वर्षात ४४-३८, २८ मॅचेस लागोपाठ हरलेली टीम! त्यांनी कोच बदलला, स्टार कनिंगहॅमला पाच वर्षं पक्का केला आणि त्याच्या बाजूला शूट करणारी अनुभवी माणसं उभी केली. जाझच्या पोरांना तेच मिळत नाहीये, तीन वर्षं हरायचीच सवय लागली तर ती सुटत नाही.

धुळ्याचा_डंकर
आमच्या ग्राउंडवर पण हेच, ज्युनिअर पोरांना सिनिअर खेळवतच नाहीत आणि मग म्हणतात टीम का बनत नाही 😅 बरं मग मार्कानेन ठेवा, मी माघार घेतो

अपडाऊनवाला_भुसावळ
बरं, मग आमचा सेंटर केसलरचं काय? तो पण २०२२ च्या ड्राफ्टचा ना, त्याची चार वर्षं २०२६ ला संपतात.

नंदुरबारची_गार्ड
हो, तेच बघा. २०२५-२६ चा सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवून देता येत होतं. नाही दिलं तर २०२६ च्या उन्हाळ्यात तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो, म्हणजे दुसऱ्या टीमने ऑफर दिली तरी तेवढीच रक्कम देऊन जाझ त्याला ठेवू शकतात, फक्त क्वालिफाइंग ऑफर (जाझकडून एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टची ऑफर) आधी दिलेली पाहिजे. तोवर कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) त्याची जागा कमी लागते म्हणून टीम मुद्दाम पण थांबते. पोराचं डोकं फिरू शकतं, तेवढी रिस्क आहेच.