सहा वर्षांची होईपर्यंत मुलीला घरीच शिकवणार आहे. कुणाचा विरोध आहे?

इंदिरानगरची आई

माझी मुलगी चार वर्षांची. गेल्या वर्षी तिला एका नर्सरीत घातलं होतं. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलांकडून चौकटीच्या वहीत पानंच्या पानं अक्षरं गिरवून घेत, वर गृहपाठ. यंदा तिला पाठवलं नाही. सासूबाई रोज विचारतात, शेजारीही विचारतात, म्हणून नाशिकच्या पालकांच्या या धाग्यावर मांडते.

सध्या आमचं सगळं एका चित्रपुस्तकाभोवती चाललंय: एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. अंड्यातून निघालेली अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असं वाढत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, चीज असे दहा पदार्थ खाऊन तिचं पोट दुखतं, रविवारी एक हिरवं पान खाल्ल्यावर बरं वाटतं. मग कोश आणि फुलपाखरू. फळांची पानं क्रमाने रुंद होत जातात, आणि अळीने खाल्लं तिथे कागदाला खरंच भोक आहे. मुलगी त्यात बोट घालून मोजते. वार तिला असेच पाठ झाले, मी घोकून घेतले नाहीत. कार्ल पातळ कागद स्वतः रंगवून, कापून, चिकटवून चित्रं करायचे. आम्ही पतंगाचा कागद रंगवून तेच करतो. तिची अळी सोमवारी एक पेरू खाते, मंगळवारी दोन सीताफळं.

पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्यावर अळ्या आल्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मग हिरव्यागार. कात टाकताना, कोशात जाताना तिने पाहिलं. हे कोणत्या वर्गात झालं असतं?

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला लागू आहे. २०२० चं राष्ट्रीय धोरणही ३ ते ८ या वयात खेळातून शिकण्यावरच भर देतं. मग घाई कशाला?

पंचवटीची बालवाडीताई

ताई, अक्षरं गिरवून घेण्याला माझाही विरोध आहे. पण एका नर्सरीने वाईट वागवलं म्हणून सगळ्या बालवाड्यांना नापास करू नका.

तुमच्या घरात पाचही संत्री एकटीचीच. माझ्या वर्गात हिरवा खडू एक आणि मागणारे सहा. कुणी ओढतं, कुणी रडतं, कुणी अर्धा तोडून देतं. 'आधी तुझं, मग माझं' हे आई कितीही प्रेमळ असली तरी शिकवू शकत नाही, कारण आई शेवटी मुलीलाच देते. चार वर्षांच्या मुलाला दुसरं चार वर्षांचं मूलच लागतं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवायची. चार भिंती त्यांनीही सोडल्या, पण मुलांचा घोळका सोडला नाही. पानं, शंख, खडे हेच त्यांचं साहित्य होतं. तुमचं पुस्तक छान आहे, पण ते वर्गातही उघडता येतं. मी उघडते.

सिडकोतला विज्ञान शिक्षक

माझा आक्षेप पुस्तकालाच आहे. फुलपाखराच्या अळ्या ठरावीक झाडांची पानं खातात, सफरचंदं आणि संत्री नाही. आणि पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर बांधते. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या तसं काही विणत नाहीत. शेवटची कात टाकली की आत तयार झालेलं कवचच दिसू लागतं. रेशमाचा कोश विणतात ते पतंग. येवल्याच्या पैठणीचं रेशीम अशाच कोशातून येतं. एकदा चित्र डोक्यात बसलं की सातवीतही निघत नाही, हे मी दरवर्षी बघतो. शाळेत दुरुस्त करणारं कुणीतरी असतं. घरी कोण?

सटाण्याचा डाळिंबवाला

सर, फळाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य नाही. आमच्या डाळिंबाला भोक पाडून आत शिरणारी, दाणे खाणारी अळी फुलपाखराचीच असते. मादी फुलावर आणि कोवळ्या फळावर अंडी घालते. अळी आत गेली की भोकातून विष्ठा बाहेर येते, फळ सडतं, गळून पडतं. म्हणून आम्ही फळांना पिशव्या बांधतो आणि किडलेली फळं वेचून नष्ट करतो. माझ्या पाच वर्षांच्या पोराने ते भोक पुस्तकाआधी फळावर पाहिलंय.

पण ताई, एक सांगतो. हे पुस्तक वाचून मुलीला अळीचं प्रेम वाटेल, माझ्या पोराला तीच अळी घरचं नुकसान करणारी वाटते. दोघांनी एकमेकांना हे सांगायला पाहिजे. त्यासाठी ती चार मुलांत असायला हवी. माझा मुलगा गावच्या अंगणवाडीत जातो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

इंदिरानगरची आई

दादा, डाळिंबाचं मला ठाऊक नव्हतं, मुलीला नक्की सांगेन. सर, कोशाचं तुमचं बरोबर आहे, पण ते आमच्या कुंडीतच दुरुस्त झालं. पुस्तकातला तपकिरी कोश आणि फांदीला धाग्याने टेकलेला हिरवा कोश तिने शेजारी ठेवून पाहिले आणि 'हा वेगळा का?' असं स्वतःच विचारलं. चुकलेलं चित्र आणि समोरची खरी वस्तू, दोन्ही हाताशी असली की मूल प्रश्न विचारतं. चाळीस मुलांच्या वर्गात तो प्रश्न ऐकायला कुणाला वेळ असतो?

बालवाडीताई, खडूची गोष्ट मनाला लागली. सोसायटीतली तीन मुलं दुपारी आमच्याकडे येतात, पण ती शाळेतून दमून आलेली असतात, हे खरं आहे.

कॉलेज रोडचा बाबा

आम्ही मुलाला सहानंतरही घरीच ठेवलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मूलभूत शिक्षणाच्या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत, तो रस्ता उघडा आहे. सहाव्या वर्षी घाबरून मागे फिरू नका.

पंचवटीची बालवाडीताई

रस्ता आहे, पण त्यावर चालायला कुणाची नोकरी सुटते? या धाग्यावर अजून एकानेही तो प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आया सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जातात, धुणीभांडी करतात. त्यांच्या मुलांना कढीपत्त्यावरची अळी कोण दाखवणार? ज्या आयांना वेळ आहे, आवड आहे, त्या आपापल्या मुलांना घेऊन घरी बसल्या तर बालवाडीवाल्यांना 'गिरवून का घेता?' असं विचारायला कुणी उरत नाही. तुम्ही त्या नर्सरीतून मुलीला काढलंत. बाकीची मुलं अजून तिथे गिरवतायत.

इंदिरानगरची आई

नोकरी मीच सोडली, आणि ती सोपी गोष्ट नव्हती. मुलीला परत त्या वहीपुढे बसवणार नाही, यावर मी ठाम आहे. पण बाकीच्या मुलांचं तुम्ही म्हणालात ते मी टाळत होते. तुमच्या बालवाडीत आठवड्यातून एक सकाळ कढीपत्त्याची कुंडी आणि हे पुस्तक घेऊन येऊ का? मुलगीही बरोबर येईल.

पंचवटीची बालवाडीताई

या. सोमवारी या, त्या दिवशी सगळी मुलं हजर असतात. रंगवायला पतंगाचा कागद जास्तीचा आणा. आणि मुलीला महिनाभर रोज पाठवून बघा, ही माझी मागणी अजूनही कायम आहे.