जपानमधील जुन्या गाड्यांची रॅली : कारुइझावा ते ओबुसे या टप्प्यात सहचालकाने काय सांभाळावे?

घाटवाट : नमस्कार. माझे मावसभाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे तोक्योत आहेत. त्यांच्या स्नेह्यांकडे १९६७ सालची डॅट्सन फेअरलेडी २००० आहे आणि ऑक्टोबरमधील एका छोट्या रॅलीत एक दिवस सहचालक म्हणून बसण्याचे आमंत्रण त्यांनी मला दिले आहे. मार्ग कारुइझावा, कुसात्सु, शिबु खिंड, शिगा पठार आणि ओबुसे असा आहे. मला जपानी वाचता येत नाही. सहचालकाचे नेमके काम काय असते आणि मधे थोडा वेळ मला गाडी चालवता येईल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जुनेइंजिन : या रस्त्यावर मी दोनदा सहचालक होतो, म्हणून सविस्तर लिहितो. अशा रॅलीत वेगाची स्पर्धा नसते. ठरवून दिलेली सरासरी गती राखायची असते. समजा, सरासरी ताशी ३६ किलोमीटर दिली आहे, तर एका मिनिटात बरोबर ६०० मीटर अंतर कापले गेले पाहिजे. तपासणीची जागा आधी कळत नाही आणि तुम्ही उशिरा पोचलात काय किंवा लवकर पोचलात काय, गुण दोन्हीकडे कापले जातात. त्यामुळे मांडीवर मार्गवही, हातात घड्याळ आणि नजर अंतरमापकावर, अशीच तुमची बैठक असेल. वहीत प्रत्येक वळणाची छोटी आकृती असते : गोळा म्हणजे तुम्ही जेथे आहात ती जागा, बाणाचे टोक म्हणजे जायची दिशा. लिपी येत नसली तरी अडत नाही.

पहिल्या वर्षी एका गावात वळण सांगायला मी दोन क्षण उशीर केला आणि आम्ही भातखाचरांमधल्या अरुंद रस्त्यावर शिरलो. दोन्ही कडांना उघडी सिमेंटची गटारे होती. चाक जरा सरकले असते तर गाडी आत गेली असती. मागे येईपर्यंत चाळीस सेकंद गेले. त्यानंतर पुढचे वळण मी नेहमी दोनशे मीटर आधी मोठ्याने सांगू लागलो, आणि तेच तुम्हालाही सांगेन. आंधळ्या वळणांवर नारिंगी चौकटीचे बहिर्गोल आरसे असतात, त्यांत पाहत चला.

खरी कसोटी राष्ट्रीय मार्ग २९२ वर लागते. कुसात्सुच्या गंधकाच्या वासातून वर चढत तुम्ही शिबु खिंडीत २१७२ मीटरवर पोचता. जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरील हा सर्वांत उंच बिंदू आहे. तेथे हवा विरळ असल्याने कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा जुन्या गाड्यांतला भाग) इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळते आणि ते जडपणे ओढते. अशा वेळी जोरजबरदस्ती न करता खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढू द्यावे. पलीकडे उतरतानाही गिअरवरच गाडी धरावी. या मॉडेलला पुढे डिस्क असले तरी मागचे ब्रेक ड्रमचेच आहेत, आणि लांब उतारावर सतत पाय ठेवला तर ते तापून पकड सोडतात. तापमानाचा काटा दर दोन-तीन किलोमीटरवर चालकाला वाचून दाखवणे, हेही तुमचेच काम समजा.

तोक्योकर : गाडी चालवण्याबद्दल. भारतात आरटीओकडून मिळणारा, १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो. वाहतूकही डावीकडूनच आहे. मात्र त्या गाडीचा विमा तुम्हाला लागू आहे की नाही, हे मालकांना आधी विचारा, कारण तेथे अनेक विमे ठरावीक वयाच्या किंवा घरच्या चालकांपुरतेच असतात. लाल उलट्या त्रिकोणाची पाटी दिसली की रस्ता मोकळा असला तरी गाडी पूर्ण थांबवावीच लागते. स्वतः पेट्रोल भरायच्या पंपावर पिवळी नळी हाय-ऑक्टेनची, लाल साध्या पेट्रोलची आणि हिरवी डिझेलची असते. हिरवा रंग पाहून साधे पेट्रोल समजू नका.

घाटवाट : मनापासून आभार. विम्याचे आजच विचारतो. ओबुसेला पोचल्यावर थोडा वेळ मिळतो का?

जुनेइंजिन : वेळेची नोंद करून शिक्का घेतलात की मिळतो. गान्शोइन मंदिराच्या छतावर जपानी चित्रकार होकुसाईने रंगवलेला फिनिक्स आहे, तो आधी पाहा. ऑक्टोबरात तेथे चेस्टनट घालून शिजवलेला भात मिळतो. दिवसभर आकडे मोजून आलेल्या माणसाला तो फार बरा वाटतो.