लेकरांना आग आणि रान कसं शिकवलंत? अनुभव सांगा

केळापूर तालुक्यातलं आमचं गाव. जानेवारीत भाव वाढेल म्हणून कापूस विकला नव्हता, मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली होती. आमच्याकडे निम्म्या घरांत हेच चालतं. लेकरं त्या ढिगावर उड्या मारतात, पाहुणे आले की त्यावरच निजतात.

माझा लेक तेव्हा सहा वर्षांचा. सासूबाई त्याच कापसातून कवडी काढून वाती वळतात आणि संध्याकाळी त्या देवापुढे लावतात. त्यानं ते रोज पाहिलेलं. एका दुपारी देवाजवळची काडीपेटी घेऊन तो मागच्या खोलीत गेला. ‘वात जळते तसा ढीग जळते का’ एवढंच त्याला पाहायचं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. कापूस भडकला, तसं त्यानं दार ओढून घेतलं आणि गोठ्यामागच्या कुटारात, म्हणजे जनावरांच्या भुशाच्या ढिगात, जाऊन बसला.

धूर शेजारणीनं पाहिला. गावातली माणसं धावली, पोते-पोते कापूस अंगणात ओढला. कापसाची आग वरून विझते आणि आत धुमसत राहते. बादल्या ओतून भागत नाही, ढीग फोडून फोडून भिजवावा लागतो. आमचा दोन दिवस धुमसत होता. पण कापसाचं दुःख मला आज नाही. पोरगा सापडत नव्हता म्हणून त्याचे बाबा त्या धुरात दोनदा शिरले. आम्ही त्याच्या नावानं ओरडत होतो, तो कुटारात बसून सगळं ऐकत होता आणि ओ देत नव्हता. सापडला तेव्हा म्हणाला, “मले वाटलं बाबा मारतीन.”

त्याआधी मी त्याला आगीबद्दल एकच गोष्ट शिकवली होती : हात लावशील तर मार खाशील. तो ती पक्की शिकला होता.

आता सकाळची चूल तोच पेटवतो, मी शेजारी बसते. आधी पाण्याची बादली जवळ. काडी अंगापासून दूर ओढायची, जळकी काडी पाण्यात बुडवूनच टाकायची. आणि एक वचन मी त्याला देऊन ठेवलंय : आग तुझ्या हातून लागली तरी पहिल्यांदा ओरडत बाहेर ये, त्या दिवशी तुला कोणी बोट लावणार नाही.

तुमच्या लेकरांना तुम्ही काय शिकवलंत, कसं शिकवलंत, कुठं चुकलं, ते लिहा. आगीचंच पाहिजे असं नाही. साप, वीज, विहीर, वाट चुकणं, सगळं चालेल.

चिमूर तालुक्यातून, एक वडील

ताई, तुमचं वाचून माझ्या मुलीची आठवण झाली. आमचं गाव ताडोब्याच्या बफरला लागून. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचायला अख्खं घर रानात जातं. मी उन्हाळ्यात फायर वाचरचं काम करतो, म्हणून आगीची बाजू आधी सांगतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमचा आगीचा हंगाम. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून रानात आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, त्याआधी जाळून ठेवाव्या लागतात. रानाला लागणाऱ्या पुष्कळ आगी मोहाखाली सुरू होतात. फुलं नीट दिसावीत म्हणून माणसं झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि तसंच सोडून पुढच्या झाडाकडे जातात. माझ्या घरातही तेच चालत होतं. मुलीनं चौथ्या वर्षीच पाला पेटवणं पाहून पाहून शिकलं होतं. आता आम्ही झाडून घेतो, जुनी लुगडी आणि हिरवी जाळी अंथरतो. फुलं मातीत मळत नाहीत, म्हणून मालही चांगला निघतो.

आता रानाचं. वेचताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. अस्वलाला तर मोहाची फुलंच पाहिजे असतात, तेही पहाटेच. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही, चौघं-पाचजण मिळून जायचं, आणि बोलत राहायचं. मुलीला मी हाळी शिकवली. मी “हो” म्हटलं की तिनं “हो” म्हणायचं, दर थोड्या वेळानं. तिला तो खेळ वाटायचा.

एकदा ती हो म्हणेना. मी तीन हाका मारल्या. छातीत काय झालं ते लिहिता येत नाही. वीस पावलांवर पळसामागे उभी होती. टोपली सांडली होती, सारी फुलं मातीत गेली होती, म्हणून बोलत नव्हती. त्या दिवशी मला कळलं की हाळी शिकवून उपयोग नाही. टोपली सांडली तरी हाळी द्यायची, हे वेगळं शिकवावं लागतं. त्या वर्षापासून रानात मी तिला एकदाही रागावलेलो नाही. रागवायचं असलं तर घरी येऊन.

आणि १९२६ हा वनविभागाचा नंबर तिला पाठ आहे. रानात धूर दिसला की घरी येऊन सांगते.

अकोट तालुका. आजी सांगते आहे, मी नात टाईप करते आहे

आमच्या टायमाले काडीपेटी जपून जपून वापरत. रात्री इस्तो राखेत दाबून ठेवत, सकायी तोच फुंकून चूल पेटे. घरचा इजला तर शेजारून आना लागे, खापरावर. आनायचं काम पोरीचं. मी पाच-सहा वर्साची होती. माय म्हने, वाऱ्याच्या अंगानं चाल, झगा पायात दाबून धर, कुटाराजवयून जाऊ नोको, आन् हात भाजला तर खापर अंगावर नोको, खाली टाक, पन टाकून पयू नोको, वरून माती घाल. येवढं सारं मले येत होतं. आता माह्या नातीच्या पोराले मेनबत्तीबी लावता येत नाही आन् गॅसची शेगडी चालू कराले मात्र हात पुरते.

(आजी आता उठली. माझ्याकडून एक भर : शाळेच्या कार्यक्रमाचे झगझगीत कपडे घालून मुलं चुलीजवळ जातात. ते नायलॉनचं कापड अंगालाच चिकटतं. कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, तोंडावर हात ठेवून जमिनीवर लोळायचं. हे आजी अंगणात पोराला गोधडीवर लोळवून शिकवते. आता तो ‘पेटलं’ म्हटल्याबरोबर लोळतो.)

आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

आमच्याकडे साप. पऱ्हाटीचा ढीग घरामागे असतोच, वर्षभराचं इंधन. त्यात हात घालू नको असं मुलाला बजावलेलं होतं. चेंडू गेला, त्यानं हात घातला. घरी आला आणि म्हणाला, काटा लागला.

मी हळद लावली. हळदच लावली, हे मला अजून छळतं. अर्ध्या तासात मनगटापर्यंत सूज आली आणि जखमेतून रक्त थांबेना, तेव्हा त्याच्या मामानं त्याला मांडीवर घेऊन हळूच विचारलं, “काटा हालत होता का रे?” तर म्हणाला, हो.

घोणस होती. मामानं काही बांधलं नाही, काही कापलं नाही. हात हलू नये म्हणून फळीला फडक्यानं सैल गुंडाळला आणि मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून पाहिलं. ते गोठलं नाही, म्हणून लगेच प्रतिविष सुरू केलं. आठ दिवस दवाखान्यात होतो. हात वाचला.

आता घरात असं आहे : ‘काटा’ या शब्दाला आम्ही कोणीच रागावत नाही. काटा लागला म्हटलं की सगळे आधी पाहतात. ढिगातलं लाकूड आधी काठीनं ठोकून मग ओढायचं, अंधारात बॅटरीशिवाय पाय खाली ठेवायचा नाही, आणि पावसाळ्यात खाली निजायचं नाही. मण्यार झोपेत चावते आणि फारसं दुखतही नाही, म्हणून ते शेवटचं सगळ्यात कडक.

दर्यापूरकडून

सगळ्यांचं वाचलं. माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. विहिरीच्या कठड्यावर चढलो म्हणून माझ्या बाबांनी मला एकदा फोकानं झोडपलं होतं, त्यानंतर मी कधी चढलो नाही. आज पन्नाशीत आहे. लेकरू तीन वर्षांचं असेल तर त्याला काय समजावणार? काही जागी भीतीच पाहिजे.

धागा सुरू करणारी (केळापूर)

भाऊ, राग कशाचा. तीन वर्षांच्या लेकराच्या बाबतीत तुमचं पटतं. आमच्या विहिरीला आम्ही जाळीच बसवली, कारण त्या वयात शिकवण्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण एक विचारते. तेव्हा तुमच्याऐवजी तुमचा मित्र विहिरीत पडला असता, तर तुम्ही बाबांकडे धावत गेला असता का?

दर्यापूरकडून

ताई, रात्रभर विचार केला. नसतो गेलो.

गोंदिया जिल्हा, प्राथमिक शिक्षक

पहिली-दुसरीचा वर्ग आहे. धुरात खालून जायचं हे सांगून मुलांच्या डोक्यात जात नाही. आम्ही दोन मुलींच्या हातात एक साडी कमरेएवढ्या उंचीवर ताणून धरायला देतो, साडी म्हणजे धूर. डोकं साडीला लागलं की बाद. सगळी मुलं गुडघ्यांवर रांगत दारापर्यंत जातात. मग डोळे बांधून तेच, भिंतीला हात लावत. बाहेर पडलं की चिंचेखाली जमायचं आणि परत आत जायचं नाही, दप्तर राहिलं तरी नाही. पहिल्या दिवशी निम्मी मुलं दप्तर आणायला परत फिरली होती.

गॅस आला तरी पाणी तापवायला चूल आहेच, म्हणजे मुलांना दोन्ही यायला पाहिजे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. वास आला तर बटण दाबायचं नाही, दार उघडायचं, बाहेर यायचं, मोठ्यांना सांगायचं. १९०६ हा त्याचा नंबर. मोबाईल लॉक असला तरी ११२ लागतो, हे मी प्रत्येकाकडून फोन हातात देऊन पाठ करून घेतो (कॉल न लावता).

विजेचं : धानाच्या रोवणीच्या दिवसांत मुलं आईबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात. चमकल्यावर मोजायचं. तीस मोजायच्या आत गडगडलं तर पक्क्या घरात. घर दूर असेल तर एकट्या झाडाखाली मुळीच नाही, मोकळ्या पाण्यात नाही, पाय जुळवून उकिडवं बसायचं, कान झाकायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मोजायचं काम मी सगळ्यात लहान मुलाला देतो. तो इतका मन लावून मोजतो की रडायचं विसरतो.

धारणी, मेळघाट

आमचं थोडंच. वाट चुकलं तर चालत सुटायचं नाही, मोकळ्या जागी एका ठिकाणी थांबायचं, दगडावर दगड आपटत राहायचं. हाक घशात अडकते, दगड अडकत नाही. कोरड्या नदीत वाळू उकरून झिरा काढायचा हे आमची पाच वर्षांची पोरगी करते. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, मग निवळतं. घरी आणून उकळून प्यायचं. एकटी असली आणि तहान अनावर झाली तर तसंच पी, पण घरी आल्यावर सांग, असं तिला सांगितलंय.

धागा सुरू करणारी (केळापूर)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. साडीचा खेळ काल आमच्या अंगणात झाला, सासूबाईंनी एक टोक धरलं.

परवाचं लिहिते. मी आडावर होते. लेक धावत आला, उजवा हात पुढे धरून. म्हणाला, “आई, म्या तू नसताना चूल पेटवली. तवा लागला.” पूर्वी असता तर ओट्याखाली लपला असता. जाऊबाई टूथपेस्ट घेऊन आल्या, त्यांना मी थांबवलं. भाजल्यावर वीस मिनिटं साधं गार पाणी, त्याआधी दुसरं काही नाही. घरात नळ नाही, म्हणून मी तांब्यातांब्यानं ओतत राहिले आणि त्याला मोजायला बसवलं. त्याला शंभरपर्यंतच येतं. शंभर झाले की तुरीचा एक दाणा बाजूला ठेवायचा. असे बारा दाणे. सातव्या दाण्यापाशी चुकला, तर म्हणाला, हा दाणा नाही धरत, पुन्हा मोजतो, तू ओतत राह्य.