प्रोग्राममध्ये लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) लावून संख्यामालिका लिहिताना तुमचं कुठे अडलं?

१ ते १० आकडे छापणं जमतं. मग समोर २, ६, १२, २०, ३० येते आणि हात थांबतो, व्हेरिएबल, लूप, अट सगळं माहीत असूनही. तुमची गाठ कुठे बसली होती, कशी सुटली? चुकलेला कोड आठवत असेल तर जरूर लिहा. नव्याने शिकणाऱ्याला तोच जास्त उपयोगी पडतो. सुरुवात मी करते.

मी अडले फिबोनाचीत. मागच्या दोन पदांची बेरीज म्हणजे पुढचं पद. ० आणि १ घेऊन लूपमध्ये लिहिलं: मागचा = पुढचा; त्याखाली पुढचा = मागचा + पुढचा. दर फेरीला मागचा छापला, तर ०, १, २, ४, ८, १६! दोन दिवस लूपची अटच बदलत बसले. शेवटी वहीत दोन रकाने आखून प्रत्येक ओळीनंतरच्या किमती मांडल्या, आणि पहिल्याच फेरीत चूक दिसली. वरच्या ओळीने मागचाची जुनी किंमत पुसली होती, त्यामुळे खाली पुढचा स्वतःमध्येच मिळवला जात होता. म्हणून दुप्पट. बेरीज आधी तिसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि मालिका बरोबर आली. तेव्हापासून असा ड्राय रन, म्हणजे कागदावर ओळीओळीने किमती मांडणं, केल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही.

* * *

रेंज, म्हणजे लूपला आकड्यांची रांग देणारं फंक्शन! पायथन भाषेत त्याला १ आणि १० दिले की ९ वर थांबतं. शेवटचा आकडा धरत नाहीत, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

* * *

२, ६, १२ वर मीही अडलो होतो. फरक काढले: ४, ६, ८, १०. मग दोन वाटा दिसल्या. फरक दर फेरीला २ ने वाढवत मिळवत जायचं, किंवा १×२, २×३, ३×४ हे ओळखून थेट गुणाकार करायचा. दुसरी आटोपशीर आहे, पण शिकताना पहिलीच करावी असं मला मनापासून वाटतं. लूप मागची किंमत पुढे कशी नेतो, ते तिच्यात कळतं.

* * *

माझा लूप बरोबर होता, उत्तर चूक. सी भाषेत फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार: १२ चं ४७९००१६००, ठीक. १३ चं आलं १९३२०५३५०४. वाढलेलं दिसलं म्हणून मी पुढे गेले. कागदावर गुणल्यावर ६२२७०२०८०० निघालं. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) २१४७४८३६४७ च्या पुढची संख्या मावतच नाही. ना एरर, ना सूचना.

* * *

फॉर (ठरलेल्या फेऱ्यांचा लूप) आणि व्हाइल (अट खरी असेपर्यंत चालणारा) कधी कोणता, हे मला कोलाट्झच्या मालिकेने शिकवलं. सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, १ येईपर्यंत. फेऱ्या किती होणार हे आधी माहीत नाही, म्हणजे व्हाइलच. २६ ला १० फेऱ्या लागल्या. २७ दिल्यावर आकडे थांबेनात. ९२३२ पर्यंत चढले, तेव्हा मी लूप अडकला समजून प्रोग्राम बंद केला. पुन्हा चालवून वाट पाहिली. १११ व्या फेरीला १ आला.