ओमाहाला जायचं तर पहिल्या शनिवार-रविवारी. फायनल घरी बसून बघा

मक्याच्या_शेतातून

कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा, बघायला नेब्रास्कातल्या ओमाहाला जावं का, आणि गेलं तर कधी, हा प्रश्न दर मे महिन्यात कुणीतरी विचारतंच. आम्ही डे मॉइनला राहतो, गाडीने दोन तासांवर, त्यामुळे उत्तर द्यायचं काम माझ्याकडे येतं. माझं मत पक्कं आहे. तुमच्या स्वतःच्या कॉलेजची टीम फायनलला असेल तर जरूर जा, कोण अडवणार? पण नसेल, तर फायनलच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या शुक्रवार ते सोमवारमध्ये या.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: देशभरातल्या ६४ कॉलेज टीम्स खेळायला लागतात, त्यातल्या शेवटच्या आठ जूनमध्ये ओमाहाला येतात. चार-चारचे दोन गट, दोनदा हरलं की घरी. गटविजेत्यांची मग तीनपैकी दोन सामन्यांची फायनल. १९५० पासून मुक्काम हाच, फक्त २०२० साली कोविडमुळे खाडा.

शुक्रवार-शनिवारच्या चार सामन्यांत आठही टीम्स बघून होतात. आठ रंगांचे टीशर्ट रस्त्यावर, आणि अजून कुणाचंच नाक कापलं गेलेलं नसतं. खरी मजा रविवार-सोमवारी, कारण तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी सामान बांधावं लागतं. २०२५ चा सोमवार आठवा. आर्कान्सा विरुद्ध मरे स्टेट, दोघेही एकेक सामना हरलेले. मरे स्टेट म्हणजे केंटकीतलं लहानसं विद्यापीठ, ओमाहाला पहिल्यांदाच पोचलेलं. आणि आर्कान्साच्या गेज वुडने त्यांच्यावर नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात त्यांना एकही हिट मिळू दिला नाही, १९ जण स्ट्राइकआउट! या स्पर्धेत त्याआधीचा नो-हिटर १९६० चा. ते बघायला फायनलचं तिकीट लागलं नाही.

उलट २०२३ ची फायनल घ्या. दुसरा सामना फ्लोरिडाने जिंकला २४-४, तिसरा एलएसयूने (लुईझियाना स्टेट) १८-४. त्या वर्षी बघण्यासारखा सामना गुरुवारीच होऊन गेला होता: एलएसयू आणि वेक फॉरेस्ट, दहा इनिंग शून्य-शून्य, अकराव्यात टॉमी व्हाइटचा होमरन आणि खेळ खल्लास.

---

लुईझियानाचा_जावई

सपशेल असहमत. ताई, १८-४ तुम्हाला एकतर्फी वाटला, कारण तुमचं त्यात काहीच पणाला लागलं नव्हतं. बायको एलएसयूची, त्यामुळे आमच्या घरात त्या सामन्यातली एकेक धाव अजून तोंडपाठ आहे.

आणि तुमचा तो गुरुवार "पहिल्या शनिवार-रविवारात" कधीपासून बसायला लागला?

फायनलमध्ये काय होतं ते मी सांगतो. १९९६, तेव्हा फायनल एकाच सामन्याची असायची. शेवटची इनिंग, दोन आउट, एलएसयू एका धावेने मागे, एक रनर बेसवर. वॉरन मॉरिस, ज्याने सगळ्या सीझनमध्ये एकही होमरन मारला नव्हता, पहिल्याच बॉलला चेंडू भिंतीपलीकडे धाडतो. ९-८. मायामीची पोरं मैदानावर पालथी पडली होती. हे बघायला कुणी तुम्हाला तुमचं कॉलेज विचारणार आहे का?

२०१८ पण आठवा. आर्कान्साला विजेतेपदासाठी एक आउट हवा होता. साधा फाउल उडाला, झेलला की आउट, तिघे धावले, तिघांच्या मधोमध चेंडू पडला. ओरेगन स्टेटने तो सामनाही घेतला आणि दुसऱ्या दिवशी कपही. असं फायनललाच अंगावर येतं, कारण पुढे सामना नसतो. तुमच्या सोमवारी हरलेल्यांबद्दल हळहळ वाटते आणि अर्ध्या तासात आपण आइस्क्रीमच्या रांगेत असतो.

---

मक्याच्या_शेतातून

गुरुवारचं ठीक आहे. पण गुरुवार फायनल तरी कुठे असतो?

बाकी जावईबापू, तुम्ही १९९६ काढलंत म्हणजे चांगली फायनल शोधायला किती मागे जावं लागतं तेही आलंच त्यात.

---

लुईझियानाचा_जावई

मागे कशाला? २०२५, फायनलचा पहिला सामना. एलएसयूच्या केड अँडरसनने एकट्याने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. १-०. समोर कोस्टल कॅरोलायना, लेचीपेची टीम नव्हे.

---

पोर्टलग्रस्त

दोघांचंही चालू द्या, पण "आपलं कॉलेज" म्हणजे नक्की काय उरलंय? २०२३ च्या एलएसयूमध्ये पॉल स्कीन्स आला एअर फोर्समधून, वरचा टॉमी व्हाइट आला एनसी (नॉर्थ कॅरोलायना) स्टेटमधून. ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडलं की अर्धी टीम बदलते. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे-फोटोचे पैसे घ्यायला परवानगी आहे, २०२५ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे देतात. पोरांनी पैसे घ्यावेत, माझी काही तक्रार नाही, इतकी वर्षं त्यांच्या जिवावर बाकीचे कमावतच होते. पण मग रंग फासून ओरडायचं कशासाठी?

आणि कोचचं काय? २०२४ मध्ये टेक्सस ए अँड एम फायनल हरली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे कोच हाडवैरी टेक्ससकडे गेले. त्या रात्री स्टेडियममध्ये गळा काढून रडलेल्यांनी सकाळी ही बातमी वाचली असेल.

---

सदाशिव_पेठ_ते_सेंट_लुईस

पोर्टलग्रस्त, तुम्ही पुरुषोत्तम करंडक कधी बघितलाय का? भरत नाट्य मंदिरात "अरे आवाज कुणाचा" ओरडणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी त्या एकांकिकेत काम केलेलं असतं? निम्म्यांना नाटकाचं नावही धड माहीत नसायचं (आमच्या गटातला एक तर दुसऱ्याच कॉलेजचा होता, घसा मोठा म्हणून आणलेला). तरी निकालाच्या वेळी पोटात गोळा यायचाच. ओमाहाला मी गेलो तेव्हा मला हाच आवाज ऐकू आला. प्रो बेसबॉलच्या मैदानात तो नसतो, तिथे १६२ सामने असतात, आज हरले तर उद्या आहेच.

तेव्हा मत ताईंच्या बाजूने. आपलं कॉलेज नाही, मग एक दिवसापुरतं घ्यावं. मी मिसिसिपीवाल्यांच्या मधे बसलो होतो म्हणून त्यांचा झालो.

---

पोर्टलग्रस्त

पुरुषोत्तमला दुसऱ्या कॉलेजचा नट पैसे देऊन उचलून आणत नाहीत हो. तुमचा तो घसेवाला फुकट आला होता ना?

---

सदाशिव_पेठ_ते_सेंट_लुईस

वडापाववर.

---

दोन_पोरांची_आई

मुलांना घेऊन जायचं असेल तर फायनल नकोच, पण पहिल्या शनिवारबद्दलही कुणी खरं बोलत नाहीये. ऊन मरणाचं. जनरल अ‍ॅडमिशनच्या जागा आउटफिल्डला, तिथे नंबर नाहीत, आधी जाईल तो बसेल, म्हणजे रांग उन्हात. आत गेल्यावर बीचबॉल उडवतात ते मुलांना सामन्यापेक्षा जास्त आवडतं, सुरक्षावाले तो पकडून फोडतात तेव्हा सगळा स्टँड त्यांच्या नावाने बोंबलतो. हा भाग मजेचा.

पण समोर एका बारमध्ये जेलो शॉटची (दारू घातलेल्या जेलीची) स्पर्धा असते, कुठल्या टीमच्या लोकांनी किती ढोसले त्याचा फळा लावतात. २०२२ ला ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे) १८,७७७ झाले तेव्हा लोक चकित झाले होते, पुढच्याच वर्षी एलएसयूवाल्यांनी ६८,८८८ केले. जावईबापू, यात तुमचे किती? त्यातले काही पैसे फूड बँकेला जातात हे खरं, आणि चांगलंच आहे. तरी सात वर्षांच्या मुलीला घेऊन त्या फुटपाथवरून रात्री चालायला मला नको वाटतं. आम्ही दुपारचा सामना बघतो आणि दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय. जुनं रोझेनब्लॅट स्टेडियम त्याला लागूनच होतं, २०१० पर्यंत सामने तिथे व्हायचे. आता त्या जागी छोटंसं मैदान राखून ठेवलंय, पोरं तिथे मनसोक्त पळतात.

---

सोफ्यावरचा_कोच

एवढं ऊन, रांग, जून महिन्यात चढलेली हॉटेलची भाडी, वर वादळ आलं की खेळ बंद. घरी ईएसपीएनवर प्रत्येक पिच चार बाजूंनी दिसतो. आउटफिल्डमधून तुम्हाला कर्व्ह आणि स्लायडर या वळणाऱ्या पिचमधला फरक तरी कळतो का?

---

मक्याच्या_शेतातून

नाही कळत. पण टीव्हीवर वारा कळत नाही. २०११ ला नवं स्टेडियम सुरू झालं, त्याच वर्षी अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटचा जोर कमी करणारे नियम आले. त्यात वारा बऱ्याचदा समोरून. २०१३ आणि २०१४ मध्ये अख्ख्या स्पर्धेत तीन-तीनच होमरन झाले. मग २०१५ ला बसक्या शिवणीचे बॉल आणले तेव्हा कुठे चेंडू लांब जायला लागला. घरी बसून वाटतं हा गेला, गेला… आणि फील्डर दोन पावलं मागे सरकून आरामात झेलतो. आउटफिल्डला बसलेल्या माणसाला झेंड्याकडे बघून आधीच माहीत असतं. तिथे आमच्या शेजारचे आजोबा बॅटच्या "टिंग"वरून सांगायचे, जाणार की नाही. फारसे चुकत नव्हते.

---

पोर्टलग्रस्त

लांबून येणाऱ्यांनी फायनलचं आगाऊ बुकिंग करताना २०२१ लक्षात ठेवा. एनसी स्टेट फायनलपासून एक विजय दूर होती. टीममध्ये कोविड निघाला, एक सामना तेरा खेळाडूंवर खेळले, आणि मध्यरात्रीनंतर जाहीर झालं की पुढचा सामना होणार नाही, व्हँडरबिल्ट फायनलला. विमानाची तिकिटं काढून बसलेले त्यांचे लोक काय करणार? ताईंचा मुद्दा मला भावनेसाठी नाही, हिशेबासाठी पटतो. पहिल्या चार दिवसांत कोणीतरी खेळतंच.

---

लुईझियानाचा_जावई

२०२१ चीच फायनल घ्या ना. मिसिसिपी स्टेटचं कुठल्याही खेळातलं पहिलं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद. एवढी वर्षं वाट बघितलेली माणसं एका रात्रीत बघायला मिळतात, ती सोमवारी दुपारी कुठे भेटणार? हिशेब करून जायचं तर जाऊच नये.

ताई, तरीही यंदा फायनलच्या शनिवारी या. पार्किंगमध्ये आमचा टेलगेट (गाडीमागे मांडलेली पंगत) असतो, मोठ्या कढईत जंबालाया. भातच आहे, तुम्हाला आवडेल.

---

मक्याच्या_शेतातून

आम्ही शाकाहारी.

---

लुईझियानाचा_जावई

सॉसेज बाजूला काढून देतो.

---

दोन_पोरांची_आई

ताई, डबा घेऊन जा.